२१४ कोटी दाण्यांची वाटणी

शतरंजच्या पटावरच्या गव्हाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेक घरांत कोणी ना कोणी सांगितलेली असते. तेराव्या शतकातले चरित्रकार इब्न खल्लिकान यांनीही ती लिहून ठेवली आहे. खेळ शोधून काढणाऱ्या सिस्साला राजाने बक्षीस मागायला सांगितले. त्याने मागितले ते असे: पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरून द्यावीत. मागणी ऐकून राजाला ती अगदीच क्षुल्लक वाटली, आणि पुढे हिशेब मांडणाऱ्यांना घाम फुटला. गोष्ट सांगणारे नेहमी चौसष्टाव्या घराकडे धाव घेतात. आम्ही या महिन्यात एकतिसाव्या घरावरच थांबणार आहोत.

या सदरात आम्ही अधूनमधून गणिताकडे वळतो, आणि तेव्हा काही घरांत पान पटकन उलटले जाते हे आम्हाला ठाऊक आहे. या वेळी बेरीज, गुणाकार आणि भागाकार याशिवाय काहीही लागणार नाही. शेजारी कागद-पेन असले तर बरे.

पहिल्या घरात १ दाणा. दुसऱ्या घरापर्यंत मिळून ३, तिसऱ्यापर्यंत ७, चौथ्यापर्यंत १५, पाचव्यापर्यंत ३१. एकूण दाणे नेहमी पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकाने कमी असतात. या हिशेबाने एकतीस घरे भरली की एकूण दाणे होतात २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. गणिताच्या भाषेत, २ चा ३१ वा घात वजा १. एका दाण्याचे वजन ४० मिलिग्रॅम धरले तर हा गहू सुमारे ८६ टन भरेल. पट अजून अर्धासुद्धा भरलेला नाही.

आता समजा, कोणी म्हणाले की हा गहू मोहल्ल्यातल्या घरांत सारखा वाटून टाका, एकही दाणा उरता कामा नये. दोन घरांत वाटला तर एक दाणा उरतो. तीन घरांत वाटला तरी एक उरतो. पाच घरांत दोन उरतात, सात घरांत पुन्हा एक, अकरा घरांतही एक. हजार घरे घेतली तर ६४७ दाणे हातात राहतात. लाख घरे घ्या, कोटी घरे घ्या, काहीतरी उरतेच. सारखी वाटणी होण्याचे दोनच मार्ग आहेत: सगळा गहू एकाच घरात द्या, नाहीतर २१४ कोटींहून अधिक घरे शोधून प्रत्येकाला एकेक दाणा द्या. अशा संख्येला आपल्या मराठी पुस्तकात मूळ संख्या म्हणतात, उर्दू माध्यमातली मुले तिला मुफरद अदद म्हणतात. ज्या संख्येची सारखी वाटणी होते ती संयुक्त संख्या, मुरक्कब अदद.

इथे आठवीतल्या एका मुलीने आम्हाला जो सवाल केला होता तो मांडतो, कारण सगळा विषय त्यातच आहे. ती म्हणाली, भाग जातो हे दाखवायला एक ओळ लागते. भाग कशानेच जात नाही हे दाखवायला किती ओळी लागतील?

सवाल अगदी बरोबर आहे. २०४७ ही संख्या घ्या, म्हणजे अकरा घरांतले एकूण दाणे. ती संयुक्त आहे असे आम्ही म्हटले आणि २३ गुणिले ८९ असे लिहून दिले, की काम संपले. सहावीतला मुलगाही गुणाकार करून पाहील आणि मान डोलवेल. पण २१४ कोटींचा हा आकडा मूळ आहे असे म्हणताना आम्ही काय लिहून देणार? “आम्ही खूप शोधले, भाजक सापडला नाही,” हा पुरावा नव्हे. शोधणारा दमला, एवढेच त्यातून कळते. सगळी दारे बंद आहेत हे एकेक करून दाखवावे लागते, आणि या संख्येच्या बाबतीत ते १७७२ साली झाले. त्याआधी बऱ्याच मोठमोठ्या माणसांनी केवळ अंदाजाने ‘मूळ आहे’ असे म्हणून टाकले होते.

लोकांना या संख्येत रस का होता, हे आधी सांगितले पाहिजे. प्राचीन काळापासून हिसाबाच्या अभ्यासकांना परिपूर्ण संख्यांचे वेड होते. ६ ला १, २ आणि ३ ने भाग जातो, आणि १ अधिक २ अधिक ३ म्हणजे पुन्हा ६. जिचे स्वतःहून लहान असलेले भाजक मिळवले की तीच संख्या परत मिळते, ती परिपूर्ण. अरबीत अदद ताम. ६ नंतरची परिपूर्ण संख्या २८, मग ४९६, मग ८१२८. या संख्या कुठून येतात हे ग्रीक गणिती युक्लिडने दाखवले होते, आणि ते आपल्या पटावरच समजावता येते. शेवटच्या भरलेल्या घरातले दाणे गुणिले आतापर्यंतचे एकूण दाणे. दोन घरे भरली तर २ गुणिले ३, म्हणजे ६. तीन घरे: ४ गुणिले ७, म्हणजे २८. चार घरांना मात्र जमत नाही, कारण एकूण १५ आणि १५ मूळ नाही. पाच घरे: १६ गुणिले ३१, म्हणजे ४९६. एकूण दाणे मूळ संख्येत आले तरच ही किमया होते.

बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम प्रकाश आणि दृष्टी यांवरच्या कामासाठी प्रसिद्ध आहेत. दहाव्या-अकराव्या शतकातल्या या विद्वानाने उलट बाजूने विचार केला. सम अशी प्रत्येक परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळत असली पाहिजे, असे त्यांनी मांडले आणि सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न पूर्ण झाला नाही. सिद्धता पुढे सात-आठशे वर्षांनी ऑयलर यांनी दिली. तेराव्या शतकात इब्न फल्लूस या गणितज्ञाने दहा परिपूर्ण संख्यांची यादी केली. त्यातल्या पहिल्या सात अगदी बरोबर आहेत, सातवी तर १३,७४३ कोटींच्या पुढची, जी एकोणीस घरांपासून मिळते. उरलेल्या तीन चुकीच्या आहेत. आम्हाला ही यादी फार बोलकी वाटते. सातापर्यंत हात पोचला, आणि आठव्या परिपूर्ण संख्येसाठी जी मूळ संख्या हवी होती ती म्हणजे हीच, एकतीस घरांची २१४ कोटी.

मधली घरे का नाहीत? घरांची संख्याच संयुक्त असेल तर एकूण दाणेही संयुक्त निघतात: चार घरांना १५, सहा घरांना ६३. म्हणून फक्त मूळ क्रमांकाची घरे तपासायची. एकोणीसच्या पुढे २३, २९ आणि ३१. इटलीतल्या बोलोन्या शहरातले कातालदी यांनी १६०३ साली १७ आणि १९ घरांच्या संख्या मूळ असल्याचे नीट भागाकार करून छापले. इथवर उत्तम. पण पुढे जाऊन त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ यांच्याही संख्या मूळ असल्याचे लिहून टाकले. १६४० साली फ्रान्सच्या फर्मा यांनी दाखवले की २३ घरांच्या संख्येला ४७ ने भाग जातो आणि ३७ घरांच्या संख्येला २२३ ने. २९ घरांच्या संख्येला २३३ ने भाग जातो हे ऑयलर यांनी शोधले. चारपैकी तीन दावे गेले. ३१ चा दावा उरला, तोही विश्वासावर.

मग १६४४ साली फ्रान्समधले पादरी मेर्सेन यांनी २५७ घरांपर्यंतची एक यादी जाहीर केली. आज अशा मूळ संख्यांना त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यांच्या यादीत ३१ होते, पण ६७ आणि २५७ चुकून आले होते, आणि ६१, ८९ व १०७ राहून गेले होते. १८७६ साली ल्युका यांनी ६७ घरांची संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध केले, तिचे भाजक कोणते हे मात्र कळले नाही. ते १९०३ साली अमेरिकेतले गणितज्ञ कोल यांनी दिले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. संपूर्ण यादी तपासून होईपर्यंत १९४७ साल उजाडले. तीनशे वर्षे! नाव मोठे असले की यादी किती दिवस चालते, ते पाहा.

आता १७७२ सालात येऊ. लेओनार्ड ऑयलर सेंट पीटर्सबर्गला होते, वय पासष्ट. एक डोळा तरुणपणीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर जवळजवळ काहीच दिसेनासे झाले. ते तोंडाने सांगत आणि मुलगा किंवा शिष्य लिहून घेत. या अवस्थेत त्यांनी बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्र लिहून कळवले की ३१ घरांची संख्या मूळ आहे आणि ती तपासून झाली आहे.

कशी तपासली? साधा मार्ग असा. गव्हाची सारखी वाटणी होत असेल तर दोन आकडे असतील, घरांचा आणि प्रत्येकाच्या वाट्याचा. दोन्हींचा गुणाकार २१४ कोटी. दोन्ही मोठे असू शकत नाहीत. त्यातला एक तरी वर्गमूळापेक्षा लहान हवा. ४६,३४१ चा वर्ग या संख्येच्या पुढे जातो, म्हणून ४६,३४० पर्यंत पाहिले की पुरे. त्यातही फक्त मूळ संख्यांनी भागायचे. पण त्याही ४,७९२ भरतात. दहा अंकी संख्येचे जवळपास पाच हजार भागाकार, आणि एकही चुकता कामा नये. ऑयलर यांनी ते केले नाहीत. त्यांनी बहुतेक दारे न उघडताच बंद करून टाकली.

याची किल्ली फर्मा यांच्याकडून आली होती. ती आम्ही २३ या लहान आकड्यावर दाखवतो. १ पासून दुप्पट करत जा, आणि दर वेळी २३ ने भागून फक्त बाकी ठेवा. १, २, ४, ८, १६, मग ३२ ऐवजी ९, मग १८, मग १३, ३, ६, १२ आणि मग २४ ऐवजी १. अकरा पावलांत आपण पुन्हा १ वर आलो. पुढे तोच फेरा. फर्मा यांचा नियम असा, की २ सोडून कोणत्याही मूळ संख्येने भागत गेलो तर त्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या पावलांवर बाकी हमखास १ येते. इथे २२ व्या पावलावर. अकराचा फेरा बावीसमध्ये बरोबर दोनदा बसतो.

आता समजा, आपल्या २१४ कोटींना एखाद्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला तिने भागले तर बाकी १ राहील. दुपटीची साखळी ३१ व्या पावलावर १ वर परत येईल. फेरा एक तर ३१ पावलांचा, नाहीतर ३१ मध्ये नेमका बसणाऱ्या एखाद्या लहान आकड्याचा. पण ३१ स्वतः मूळ, त्यात दुसरा कोणताच लहान फेरा बसत नाही, आणि एका पावलाचा फेरा तर शक्यच नाही, कारण पहिल्या पावलावर २ येतो. म्हणून फेरा ३१ चाच. फर्मा यांच्या नियमाप्रमाणे तीच साखळी ‘भाजक वजा एक’ इतक्या पावलांवरही १ वर येते. तेव्हा ‘भाजक वजा एक’ या आकड्यात ३१ चे पूर्ण फेरे बसलेच पाहिजेत. शिवाय आपली संख्या विषम, म्हणून भाजकही विषम आणि त्यातून एक वजा केलेला आकडा सम. म्हणजे त्याला ६२ ने भाग गेला पाहिजे.

हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. ३, ५, ७, ११, १३, १७ असे हजारो आकडे एका दमात बाद झाले. एकही भागाकार करावा लागला नाही. ६२ च्या पाढ्यात एक मिळवून जे आकडे येतात, तेवढ्यांवरच संशय उरला. (वर आलेल्या २०४७ चे भाजक पाहा: २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे २२ गुणिले ४ अधिक १. ११ घरांसाठी पाढा २२ चा. २२३ मध्ये ७४ चा पाढा आहे, २३३ मध्ये ५८ चा. पडताळा घरी घेता येईल.)

दुसरी चाळणी अशी, की अशा भाजकाला ८ ने भागले तर बाकी १ किंवा ७ च येते. याची सिद्धता इथे दिली तर संपादक पुढच्या महिन्यापासून आमची पाने कमी करतील, म्हणून ती सोडतो. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की २४८ च्या पाढ्यात १ किंवा ६३ मिळवून येणारे आकडेच शिल्लक राहतात. ४६,३४० पर्यंत असे पावणेचारशेपेक्षा कमी आकडे आहेत. त्यातले जे उघडच संयुक्त आहेत ते गाळले की ऐंशीच्या आसपास मूळ संख्या उरतात. पहिली ३११. भागून पाहा, बाकी ३५. त्यानंतरची १३०३, बाकी २२६. तिसरी १४८९, बाकी १९९. असे करत शेवटपर्यंत गेले, कुठेच शून्य आले नाही. आता मात्र कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज उरली नाही. त्या मुलीच्या सवालाचे हे उत्तर: ऐंशीच्या आसपास ओळी, आणि त्या इतक्या थोड्या का पुरतात हे समजावणारे अर्धे पान.

आपल्याकडे मोबाइलवर आकड्यांच्या करामती सांगणारे संदेश नेहमी येतात. अमुक संख्या अमुक ठिकाणी इतक्या वेळा येते, तमुक तारखेची बेरीज अशी होते. पाठवणारा बहुधा भला माणूस असतो, आणि पुढे पाठवणारी बाजी किंवा चाचाही. आम्ही अशा संदेशाला एकच सवाल करतो: कशावरून? मोजून कोणी पाहिले? कातालदी आणि मेर्सेन हे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त शिकलेले होते आणि प्रामाणिक होते. त्यांच्याही याद्या तपासाव्या लागल्या.

ऑयलर यांनी सिद्ध केलेली ही संख्या पुढे जवळजवळ शंभर वर्षे, १८६७ पर्यंत, माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. १८११ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तिच्यापासून मिळणारी आठवी परिपूर्ण संख्या आपल्या पुस्तकात दिली. ती एकोणीस अंकी आहे: २३०५८४३००८१३९९५२१२८. आणि सोबत असे मत दिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी शोधणार नाही, कारण या गोष्टी नुसत्या मौजेच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत. त्यांचा अंदाज दोन्ही बाजूंनी फसला. १८७६ साली ल्युका यांनी भागाकारांची वाट सोडून एक वेगळीच कसोटी शोधली आणि १२७ घरांची ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. आणि उपयोगाचे म्हणाल, तर आपली २१४ कोटींची संख्या आज घराघरांत पोचलेली आहे.

संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. म्हणजे त्याचाही एक पट असतो. पहिल्या घराची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, आणि प्रत्येक घर एक तर भरलेले, नाहीतर रिकामे. पूर्णांक ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बत्तीस घरांचा पट वापरला गेला. त्यातले एक घर संख्या धन की ऋण हे सांगण्यात जाते. उरली एकतीस. सगळी भरली की मिळणारी सर्वांत मोठी संख्या तीच, २,१४,७४,८३,६४७. इथे ती मूळ असण्याचा काही संबंध नाही, घरे एकतीस उरली म्हणून ती आली.

बारावीत किंवा कॉलेजात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना ही भिंत लवकरच लागते. मित्रांचे मोबाइल नंबर साध्या पूर्णांकाच्या खान्यात ठेवायला जातात आणि प्रोग्राम एक तर अडतो, नाहीतर भलताच आकडा दाखवतो. आपल्या देशातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे प्रत्येक नंबर ६०० कोटींच्या वर. २१४ कोटींच्या पोत्यात तो कसा मावणार? नंबर मजकूर म्हणून ठेवावा, हा त्यावरचा सोपा उपाय आहे. नाहीतरी कोणी आपल्या नंबरात दुसऱ्याचा नंबर मिळवून पाहत नाही.

तारखांचेही तसेच आहे. पुष्कळ संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ज्या जुन्या यंत्रांत हे सेकंद बत्तीस घरांच्या पटावर ठेवले आहेत, त्यांचा पट १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. आपल्या घड्याळाप्रमाणे मंगळवार, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला असे यंत्र १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन बसेल. नवे फोन आणि संगणक चौसष्ट घरांचा पट वापरतात, त्यांना चिंता नाही. प्रश्न आहे तो जुन्या, वर्षानुवर्षे न बदललेल्या यंत्रांचा आणि प्रोग्रामांचा. २०३८ जवळ आले की यावरून भीती घालणारे संदेश नक्की फिरतील, तेव्हा हे पान आठवावे.

मूळ असण्याचा खरा फायदा घेतला गेला तो दुसरीकडे. संगणकाला कित्येकदा यादृच्छिक आकडे हवे असतात, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे. खेळात पत्ते पिसायला, हवामानाचे किंवा रहदारीचे नमुने चालवून पाहायला. १९६९ साली मांडली गेलेली आणि १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी किमान दर्जा म्हणून सुचवलेली एक रीत अशी: कोणताही आकडा घ्या, त्याला १६,८०७ ने गुणा, २,१४,७४,८३,६४७ ने भागा, बाकी ठेवा, आणि तेच पुन्हा करा. १ पासून निघालो तर पुढे १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. पुढचा आकडा डोळ्यांना अजिबात ओळखता येत नाही. गंमत ही, की भाजक मूळ असल्यामुळे आणि १६,८०७ नीट निवडलेला असल्यामुळे ही साखळी १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतच्या प्रत्येक आकड्यावर एकदा जाते आणि मगच पहिल्याकडे परतते. लहान नमुना हवा असेल तर ७ घ्या आणि ३ ने गुणत जा: १, ३, २, ६, ४, ५, पुन्हा १. सहाच्या सहा आले. ७ ऐवजी ९ घेऊन २ ने गुणले तर १, २, ४, ८, ७, ५, पुन्हा १. ३ आणि ६ कधीच येत नाहीत, कारण ९ संयुक्त आहे. मात्र ओटीपीसारख्या गुप्त कामाला ही रीत चालत नाही. एक आकडा हाती लागला की पुढचे सगळे कोणीही काढू शकतो. बँकेच्या आणि संदेशांच्या कुलपांसाठी कित्येक प्रकारांत शेकडो अंकी मूळ संख्यांचे गुणाकार वापरतात. तिथे आपली दहा अंकी संख्या फारच लहान.

शोध अजून चालू आहे. हे लिहीपर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या ल्यूक ड्युरांट यांना सापडली. पटाला १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ घरे आहेत असे समजा आणि सगळी भरा, ती एकूण संख्या. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. एका पानावर तीन हजार अंक छापले तर साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील. आम्हाला त्यातली एक गोष्ट विशेष आवडली. डब्लिनमधल्या संगणकाने ही बहुधा मूळ असावी असे दाखवले, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या यंत्राने पक्की कसोटी लावली, आणि तरीही वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रामांनी ती पुन्हा तपासून झाल्यावरच जाहीर केली. मेर्सेन यांच्या काळात हे नव्हते.

इब्न अल-हैसम यांच्या विधानात सम हा शब्द होता. विषम अशी एखादी परिपूर्ण संख्या असते का, याचे उत्तर आजही कोणाकडे नाही. एकही सापडलेली नाही, आणि नाहीच असे सिद्धही झालेले नाही.

घरातल्या मुलांसाठी काम. ऑयलर यांच्या चाळणीतून उरलेल्या पहिल्या तीन संख्या वर आल्या आहेत: ३११, १३०३, १४८९. चौथी कोणती? २४८ चा पाढा म्हणत १ आणि ६३ मिळवत जा, जी संयुक्त असेल ती खोडा, आणि जी उरेल तिने २,१४,७४,८३,६४७ ला भागून बाकी लिहून ठेवा. उत्तर पुढच्या अंकात देऊ.